आयएनजीची खिडकी

दरवर्षी जूनमध्ये आठवीच्या वर्गात मी फळ्यावर तीन अक्षरं लिहिते. आय, एन, जी. पुस्तकात त्याला प्रत्यय म्हणतात आणि खाली एक लांबलचक व्याख्या देतात, ती वाचून मुलांना झोप येते आणि मला राग. मला ही तीन अक्षरं ज्यांनी शिकवली, ते आमचे सर त्याला शेपूट म्हणायचे.

सर धामणगाव बढ्याचे. नोकरी जळगाव जामोदला, आमच्या शाळेत. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "पोट्टेहो, घाबरू नोका. जिथं राह्यला, तिथं आयएनजी. जाऊन राह्यला, गोइंग. खाऊन राह्यला, ईटिंग. तुमच्या मायनं तुमाले हे घरीच शिकवलं आहे. फक्त शेपूट बदला." एवढ्यात आमचा चालू काळ संपला. पुढे एका प्रशिक्षणात मी हे पुण्याच्या लोकांना सांगितलं तर ते तोंडाला रुमाल लावून हसले. त्यांना मी अजून माफ केलेलं नाही. ते 'जातोय' म्हणतात. राहणं त्यांनी गिळून टाकलं, त्यांना शेपटीला धरायला जागा कुठून मिळणार?

सरांची खरी करामत मात्र खिडकीची होती. तासाची शेवटची काही मिनिटं एकाने उठून खिडकीत जायचं. बाकी वर्गाने खिडकीकडे पाठ करायची, बाकावर डोकं टेकायचं आणि डोळे मिटायचे. खिडकीतल्याने बाहेर जे चाललंय ते इंग्रजीत सांगायचं. नियम दोनच. पहिला, समोर दिसतंय तेच सांगायचं. झालेलं नाही, होणारं नाही, मनातलं तर नाहीच नाही. दुसरा, खिडकीतल्याला कुणी मधे तोडायचं नाही. चुकला तरी नाही, अडला तरी नाही. तो 'क्लोजिंग द विंडो' म्हणेपर्यंत वर्ग तसाच पाठ करून बसणार. सर म्हणायचे, बोलत्या माणसाला एकदा मधे तोडलं की त्याचं इंग्रजी कायमचं आत जाऊन बसतं.

माझी पाळी आली की वर्ग कंटाळायचा. मी 'बॉय इज प्लेइंग, काऊ इज ईटिंग' म्हणून खाली बसायची, आणि पुष्कळदा तिथे गायही नसायची. वर्ग माझ्या मैत्रिणीची वाट बघायचा. ती पिंजाऱ्याची पोर. शाळेच्या खिडकीसमोरच तिच्या बापाचं दुकान होतं, खाली गाद्या-रजयांचं काम आणि वर घर. तिच्या केसांत नेहमी कापसाचा एखादा पुंजका अडकलेला असायचा, तो काढायचं काम माझं. इंग्रजी तिचं यथातथाच होतं, पण डोळे असे की रस्त्यावरचं काही सुटायचं नाही. "वन ओल्ड मॅन इज सर्चिंग हिज चप्पल. चप्पल इज सिटिंग अंडर डॉग. डॉग इज नॉट टेलिंग." आम्ही बाकावर डोकं ठेवून हसू दाबत असायचो, आणि पोटात दुखायचं.

एकदा हिवाळ्यात सकाळचा तास होता. धुकं होतं. ती खिडकीत उभी राहिली आणि गजांना नाक लावून बघत राहिली. मग म्हणाली, "हिल इज कमिंग."

नियम मोडून वर्ग हसला. सातपुडा कधी येतो का? सर मात्र हसले नाहीत. खिडकीशी जाऊन तिच्या मागे उभे राहिले. धुकं वर उचलत होतं आणि रस्त्याच्या टोकाला मागून डोंगर थोडा थोडा पुढे येत होता. सर म्हणाले, "तिले डोंगर येऊन राह्यला दिसतो. मंग तो येऊनच राह्यला." त्या दिवसापासून आमच्या वर्गात डोंगराला शेपूट लागलं.

सरांनी शेपटीच्या बाकीच्या खोड्याही शिकवल्या. हीच शेपटी कधी कामाचं नाव होऊन बसते, शिवण म्हणजे स्टिचिंग, लग्न म्हणजे वेडिंग. कधी ती उद्याचंही सांगते. माणूस घरीच असतो आणि म्हणतो, आय अ‍ॅम कमिंग. "आपल्यातही तसंच," सर म्हणायचे, "चप्पल सापडून नाही राह्यली आणि फोनवर सांगते, येऊन राह्यलो." आणि काही क्रियापदांना शेपूट चालतच नाही. माहीत असणं, प्रेम असणं. सर म्हणाले, ते काम नाही, ते सुरू करता येत नाही आणि थांबवताही येत नाही, म्हणून त्याला शेपूट लावू नका. हे माझ्या मैत्रिणीने कधीही मान्य केलं नाही. तिला जे आवडायचं त्या सगळ्याला ती शेपूट लावायची. 'आय अ‍ॅम लव्हिंग मँगो' असं म्हणायची आणि मी दुरुस्त केलं की जीभ दाखवायची.

दहावीनंतर तिचं शिक्षण सुटलं. लग्न गावातच, आतेभावाशी झालं. तोही पिंजाऱ्याचाच, आणि बापाचं दुकान त्यानेच पुढे चालवलं, म्हणून ती त्याच घरात, शाळेसमोरच्या खिडकीत राहिली. दुकानाची नवीन पाटी रंगवली तेव्हा तिने हट्टाने 'गादी मेकिंग, रजई मेकिंग' असं लिहून घेतलं आणि मला फोन करून सांगितलं, "सरायले सांग वं, शेपूट पाटीवर चढलं." मी खामगावला शिकले, बी.एड. केलं, बुलढाण्याच्या शाळेत लागले. लग्न केलं नाही, ते का हा या लिखाणाचा विषय नाही. संध्याकाळी शाळेतून आलं की तिचा फोन यायचा. हॅलो नाही, कशी आहेस नाही.

"काय करून राह्यली वं?"

"चहा टाकून राह्यली."

"खिडकीत जाय. सांग."

मग मी माझ्या खिडकीतून बुलढाण्याचा रस्ता सांगायची, ती तिच्या खिडकीतून जळगावचा. तिची मुलगी तिच्या मांडीवर बसून ऐकायची, पुढे मोठी झाली तरी शेजारी बसून ऐकायची. त्या पोरीला हा खेळ आईच्या दुधाबरोबर मिळाला. मला ती खाला म्हणते, म्हणजे मावशी. मला याहून जवळचं म्हणणारं कुणी नाही.

गेल्या वर्षी पावसाळ्यात मैत्रीण आजारी पडली. अकोल्याच्या दवाखान्यात नेलं, पोटात गाठ निघाली, आणि दिवाळीच्या आधी डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. घरच्यांनी ठरवलं की तिला काही सांगायचं नाही. नवरा म्हणायचा, औषधाने गाठ विरघळून राह्यली. तिची आई म्हणायची, रमजानपर्यंत तू रोजे धरशील. मीही मान डोलवायची. एका रविवारी खोलीत आम्ही दोघीच होतो. ती छताकडे बघत म्हणाली, "आय अ‍ॅम नोइंग."

इतकी वर्षं मुलांच्या पेपरात हे वाक्य मी लाल शाईने खोडत आले आहे. त्या दिवशी खोडता आलं नाही. तिचं माहीत असणं सुरू झालं होतं, रोज थोडं थोडं चाललं होतं, आणि एक दिवस थांबणार होतं. मी तिचा हात धरून रडले. तिनेच मला पाणी प्यायला सांगितलं.

तिला उठून बसता येत नव्हतं, आणि पलंगावरून खिडकीतून नुसतं आभाळ दिसायचं. म्हणून मी दर रविवारी बुलढाण्याहून जायची आणि खिडकीत उभी राहायची. ती भिंतीकडे तोंड वळवायची, म्हणजे नियमाप्रमाणे खिडकीकडे पाठ. मुलगी तिला कूस बदलून द्यायची आणि स्वतःही पाठ करून बसायची. मी खालचा रस्ता सांगायची. शाळेच्या फाटकाशी खेळणारी पोरं, वळणारी एसटी, कडुनिंबाखाली केळीची गाडी. शेवटी ती एकच विचारायची, "डोंगर?" डोंगर स्वच्छ दिसत असला तर मी 'कमिंग' म्हणायची, धुरकट असला तर 'नॉट कमिंग'. कमिंग म्हटलं की ती 'हं' म्हणायची, आणि त्या 'हं'मध्ये मला माझी आठवीतली मैत्रीण सापडायची.

मला एकच भीती होती. ती जाईल तेव्हा मी तिथे नसेन. ही भीती तिला दिसत असावी, कारण ती म्हणायची, "तू येईपर्यंत मी जात नाई वं. तुह्या इंग्रजीवर काही भरवसा नाई, पण एसटीवर हाये."

गुरुवारी सकाळी मुलीचा फोन आला. "खाला, या. अम्मी बोलावून राह्यली."

मी शाळेत न जाता तशीच स्टँडवर गेले. नांदुऱ्याची गाडी लागली होती. खिडकीच्या जागेवर पिशवी ठेवून एक गृहस्थ शेजारी बसले होते. पिशवीला कशाला खिडकी लागते, असं मी त्यांना विचारलं, जरा मोठ्याने विचारलं. त्यांनी पिशवी मांडीवर घेतली आणि नांदुऱ्यापर्यंत माझ्याकडे पाहिलं नाही. मी फोन लावला. मुलीने तो अम्मीच्या उशीशी ठेवला आणि स्पीकर सुरू केला.

"बसली का?" तिचा आवाज कापसाच्या गाठोड्याखालून यावा तसा येत होता.

"बसली. येऊन राह्यली."

"खिडकी?"

"खिडकीच."

"मंग सांग."

मी सांगायला लागले. आजूबाजूच्यांना वाटलं असेल, बाई खुळी आहे. वाटो. राजूरच्या घाटात रेंज गेली, तेव्हा मी फोन खिडकीबाहेर धरून बसले. खाली उतरल्यावर पुन्हा लागली, आणि पलीकडून मुलगी म्हणाली, "हाव खाला, आहे अम्मी, बोला." मी मोताळ्याचा स्टँड सांगितला. कापूस वेचणाऱ्या बाया सांगितल्या. "विमेन आर पिकिंग कॉटन. वन वुमन इज पुटिंग कॉटन इन हर ओढणी अँड लाफिंग." मधे मधे तिचं 'हं' येत होतं. ते ऐकू आलं की मी पुढचं वाक्य बोलायची.

नांदुऱ्याला गाडी बदलली. जळगावची गाडी लागताच लोक धावले, आणि नेहमीचा प्रकार सुरू झाला. मी सगळ्यांच्या आधी घुसून बसले होते, म्हणून सगळं समोर होतं. "वन मॅन इज थ्रोइंग रुमाल फ्रॉम विंडो. रुमाल इज फॉलिंग ऑन अदर मॅन्स हेड. अदर मॅन इज सिटिंग. फर्स्ट मॅन इज शाउटिंग, माय रुमाल इज सिटिंग हिअर!" पलीकडे कुणीतरी हसलं. ती हसली असं मला वाटलं. मला इतकं बरं वाटलं की मी एकटीच फोन धरून हसत होते.

गाडी निघाली. गावाबाहेर पडल्यावर मी विचारलं, "ऐकून राह्यली ना?"

 मग मुलीचा आवाज आला. "वी आर लिसनिंग, खाला."

माझ्यातल्या बाईंनी त्यातला उच्चार टिपला, वाक्य बरोबर आहे म्हणून खूण केली. 'वी' का म्हणाली, एवढंच ऐकायचं राहिलं.

मी बोलत राहिले. पूर्णेचा पूल, खाली वाळूत उभ्या म्हशी, येरळीची पोरं सायकलवर. थकवा येत होता पण थांबायचं धाडस होत नव्हतं. मला वाटत होतं, माझं बोलणं हाच दोर आहे आणि त्याचं दुसरं टोक तिने धरलंय. आसलगावच्या अलीकडे शेतांच्या वर निळी रेघ दिसली, मग ती जाड झाली, आणि मी भर गाडीत ओरडले, "हिल इज कमिंग! ऐकलं का? डोंगर येऊन राह्यला! मी आलीच!"

पलीकडे कुणी काही बोललं नाही. नियमच होता तसा, म्हणून मला वावगं वाटलं नाही.

दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. जिन्याशी चपलांचा ढीग होता. गाद्यांच्या कामाची दोन माणसं रस्त्यावर बाकडी मांडत होती. त्यांनी मला पाहिलं आणि मान खाली घातली. मी जिना चढले, फोन तसाच कानाला. वरून मला माझाच श्वास ऐकू आला, खोलीतल्या फोनमधून.

तिच्या तोंडावर पांढरी चादर होती. तिची आई उशाशी बसून कुराण पढत होती. मुलगी पलंगाला टेकून जमिनीवर बसली होती, फोन तिच्या हातात होता, अजून सुरू. मला पाहून ती उठली आणि माझ्या गळ्यात पडली. आम्ही दोघी किती वेळ रडलो, मला सांगता येणार नाही. मी एवढंच विचारत होते, कधी, कधी.

"तुमी नांदुऱ्याले होत्या, खाला. रुमालाचं सांगतलं ना, थे आयकून अम्मी हासली. मंग एक मोठा श्वास घेतला. मंग नाई."

"मग मला सांगितलं का नाही गं?"

"खिडकीवाल्याले मधी कसं तोडावं?" ती म्हणाली. मग डोळे पुसत म्हणाली, "आन् तुमी गाडीत एकल्या होत्या. आमी सारे बसून आयकत होतो. नानीही. अब्बाही. तुमी पूल सांगतला, म्हशी सांगतल्या. कोणी हाललं नाई."

म्हणजे पूर्णेपासून पुढचं सगळं मी कुणाला सांगत होते? मी विचारलं, "डोंगराचं?"

"थे मी तिच्या कानात सांगतलं. नानी म्हणे, आता काय आयकते थे. मी म्हटलं, खिडकी बंद नाई झाली अजून."

मला त्या क्षणी कुणाचा तरी राग करायचा होता. गाडीचा, घाटाचा, त्या पिशवीवाल्याचा. पण ती शेवटचं हसली होती ते एका रुमालाला, आणि तो रुमाल मीच तिला दाखवला होता. यावर कुठला राग बसवायचा मला कळेना. तिच्या केसांत, कानामागे, कापसाचा एक पुंजका होता. तो काढायचं काम माझं होतं. मी काढला.

असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजानंतर जनाजा निघाला. बायका कबरस्तानात जात नाहीत, म्हणून खोलीत आम्हीच उरलो. नानी भिंतीला टेकून मिटल्या डोळ्यांनी तस्बीहचे मणी ओढत होती. पुरुषांच्या पायांचा आवाज जिन्यावरून खाली गेला, रस्त्यावर आला. मुलगी उठली नाही. ती पलंगाच्या रिकाम्या फळ्यांशी बसली, खिडकीकडे पाठ केली आणि गुडघ्यांवर डोकं टेकलं.

"खाला," ती म्हणाली, "सांगा."

मी खिडकीत गेले. कुठलीही चूक काढायला सर नव्हते, आणि मला एकाही शब्दाची खात्री नव्हती.

"दे आर लिफ्टिंग," मी म्हणाले. "दे आर वॉकिंग. युवर फादर इज इन फ्रंट. दे आर चेंजिंग शोल्डर्स. एव्हरीवन इज चेंजिंग शोल्डर्स. स्कूल चिल्ड्रेन आर स्टँडिंग. बनाना मॅन इज टेकिंग ऑफ हिज कॅप. दे आर टर्निंग निअर नीम."

माझा आवाज तिथे अडला. मुलीने मान वर केली नाही. तिच्या आईने शिकवलं होतं, अडलेल्यालाही तोडायचं नाही.

"आय अ‍ॅम सीइंग ओन्ली व्हाइट कॅप्स," मी म्हणाले. सीइंग हे चूक आहे, मला माहीत आहे. "नाऊ आय अ‍ॅम नॉट सीइंग."

कडुनिंबाखालचा रस्ता मोकळा झाला. मागे संध्याकाळच्या उन्हात सातपुडा इतका स्वच्छ दिसत होता की त्याच्या घड्या मोजता आल्या असत्या. आता पलंगावरून कुणी 'डोंगर?' म्हणून विचारेल, म्हणून मी थांबले. मग ध्यानात आलं की विचारणारी आत्ताच वळणावरून गेली.

मुलगी तशीच पाठ करून बसली होती. तिला वाटत होतं, मी अजून काही सांगणार आहे. खिडकी बंद करायचे ते शब्द माझ्या तोंडातून निघेनात, आणि मी ते म्हणत नव्हते म्हणून ती दिवेलागणीपर्यंत गुडघ्यांवर डोकं ठेवून ऐकत बसून राहिली.